दिवाळी फराळाच्या ऑर्डरी: आधी तास, मग किलो, मग होकार

दसरा झाला की मला फोन सुरू होतात. "ताई, ऑर्डरी घेऊन बसलेय, धाकट्याची परीक्षा आहे, मदतीला येणारी बाई आली नाही, आता काय करू?" आता करण्यासारखं फारसं काही नसतं. जे करायचं ते श्रावणात करायला हवं होतं.

गेली नऊ वर्षं मी साताऱ्यात घरातून फराळ करून विकते. दोन मुलं आहेत, सासूबाई आहेत, बचत गट आहे. सुरुवातीची तीन वर्षं मीही हीच चूक केली. आधी ऑर्डरी घ्यायच्या, मग सामान आणायचं, मग करायला बसायचं, मुलं उरलेल्या वेळात आणि हिशोब कधीच नाही. तिसऱ्या वर्षी १४० किलोला हो म्हणून बसले. वसुबारसेच्या चार दिवस आधी धाकटीला ताप भरला आणि घाईत कोमट असतानाच पिशवीत भरलेला चिवडा मऊ पडला. अकरा डबे परत आले. भांडणं झाली नाहीत, पण त्यातल्या चार घरांतून पुन्हा कधी फोन आला नाही.

खालचा क्रम त्यानंतरचा आहे. तो उलटा वाटेल. ऑर्डर घेणं यात सहाव्या टप्प्याला येतं.

## टप्पा १. कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा

वेळ: गणपतीच्या आधी.

दसरा ते वसुबारस हे साधारण १६-१७ दिवस. खरा धंदा या दिवसांत होतो. त्यांतले आपल्या हातात किती, हे पेन घेऊन बघायचं. मनातल्या मनात केलेलं गणित इथे हमखास चुकतं, कारण मनात आपण नेहमी रिकामे असतो.

आधी फुल्या मारा. मुलांच्या पहिल्या सत्राच्या परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधीच असतात. वेळापत्रक आलं नसेल तर वर्गशिक्षिकेला अंदाजे तारखा विचारा, त्या सांगतात. पालकसभा. तान्हं बाळ असेल तर लसीची तारीख आणि तिच्यानंतरचा एक दिवस. सासऱ्यांचा दवाखाना. कोजागिरीला सोसायटीत दूध आटवायचं तुमच्याकडे असेल तर ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ. गटाची मासिक बैठक. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत उभं राहवत नसेल तर तेही लिहा, कॅलेंडर कोणी तपासायला येत नाही.

माझं उदाहरण घ्या. १७ दिवसांतून दोन रविवार, परीक्षेचे तीन दिवस आणि बैठकीचा एक गेला. राहिले ११.

तपासा: फुल्या एकही नसतील तर तुम्ही खोटं कॅलेंडर केलंय. पुन्हा बसा.

## टप्पा २. तासांचे किलो करा

मुलं शाळेत असताना सलग किती वेळ मिळतो? माझी मुलं अकराला जातात, पाचला येतात. त्यांतून जेवण, आवराआवर, सासूबाईंचं औषधपाणी वजा करून मला साडेचार तास मिळतात. ११ दिवसांचे झाले जवळजवळ ५० तास. त्यातले एक पंचमांश बाजूला ठेवायचे, ताप, वीज जाणं, गॅस संपणं यांच्यासाठी. राहिले ४०.

रात्रीचे तास यात धरू नका. मुलं झोपल्यावर दहा ते एक तळायला बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडतं. रात्र लेबलं चिकटवायला आणि वही लिहायला ठेवा.

मदतीला दोघीजणी, त्यांचेही प्रत्येकी ४० तास. तिघींचे मिळून १२० तास. आता एक किलो माल करायला, गार करून भरेपर्यंत, एका माणसाचे किती तास लागतात? चिवड्याला कमी, करंजीला पुष्कळ जास्त. सगळं मिळून माझ्याकडे सरासरी दीड तास पडतो. १२० भागिले दीड, म्हणजे ८० किलो.

हा ८० चा आकडा स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. तुमचा आकडा ३० असेल तर ३० चिकटवा. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर आलेल्या आकड्याचा अर्धा करा, कारण दूध पाजायला उठलात की घाणा कोणी दुसरं सांभाळत नाही.

दीड तास हा माझा आकडा. तुमचा काढायचा तर गौरींसाठी घरी करंज्या, लाडू करताच; त्या वेळी घड्याळ लावून बसा. पीठ भिजवण्यापासून परात घासेपर्यंतचा वेळ मोजा. परात घासणं सगळ्याजणी विसरतात.

## टप्पा ३. मुलांसाठी माणूस ठरवा

"बघतील कोणीतरी" ही व्यवस्था नाही. कागदावर नाव आणि वेळ हवी: सोमवार ते शुक्रवार पाच ते सात, अमुक. नवरा घेणार असेल तर त्यानेही त्याच्या कॅलेंडरवर लिहावं. त्यांच्या ऑफिसात दिवाळीआधी काम वाढतं, हे त्यांना ऑगस्टमध्ये आठवत नाही.

मी शेजारच्या वहिनींशी अदलाबदल करते. हे पंधरा दिवस माझी मुलं संध्याकाळी त्यांच्याकडे. एप्रिल-मेमध्ये त्यांचे लग्नाचे रुखवत करण्याचे दिवस, तेव्हा त्यांचा मुलगा माझ्याकडे. पैसे नाहीत, पण तासांची नोंद दोघींकडे आहे. नोंद नसली की एकीला वाटतं आपण जास्त केलं, आणि ते नाक मुरडणं पुढच्या हळदीकुंकवापर्यंत पोचतं.

सासूबाईंना किंवा आईला गृहीत धरू नका. सत्तरीतल्या बाईला चार वर्षांच्या मुलामागे दोन तास पळायला लावायचं आणि वर भाजणीही भाजून घ्यायची, हे मी केलंय. त्यांची कंबर धरली आणि दोन्ही कामं माझ्याकडे आली. दोन्हींपैकी एक विचारा. त्या जे निवडतील ते.

एक नियम मोडायचा नाही: तेल तापलेलं असताना स्वयंपाकघरात मूल नको. दाराला आडवी फळी किंवा छोटं फाटक बसवा. शाळेतून यायच्या अर्धा तास आधी शेवटचा घाणा निघाला पाहिजे, कारण कढई गार व्हायला वेळ लागतो.

भाजलं तर: नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड आले असतील, चेहऱ्यावर किंवा मोठ्या भागावर असेल तर थेट दवाखाना.

मूल आजारी पडलं तर: ताप-खोकला असेल तर मुलाची खोली वेगळी, कामाची वेगळी. उलट्या-जुलाब असतील, मुलाला किंवा तुम्हाला, तर आजारी माणसाने आणि त्याचं करणाऱ्याने फराळाला हात लावायचा नाही. तुम्हालाच झालं असेल तर बरं वाटल्यावरही ४८ तास थांबा. म्हणूनच ते एक पंचमांश तास बाजूला ठेवले होते.

## टप्पा ४. कागदपत्रं स्वतःच्या नावावर

यात चुका ठरावीक असतात, म्हणून फक्त त्यांवर लिहिते.

अन्न नोंदणी. घरातून डबा विकला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या व्यवसायासाठी साधी नोंदणी असते, परवाना नव्हे. कित्येक वर्षं तिची मर्यादा वर्षाला १२ लाखांची उलाढाल आणि फी वर्षाला १०० रुपये अशी होती. नियम बदलत असतात, अर्ज भरताना पोर्टलवरचा आकडा बघून घ्या. अर्ज त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. घर भाड्याचं असेल तर मालकाशी आधी बोला. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो प्रत्येक पाकिटावर छापायचा. दसऱ्याला अर्ज करून दिवाळीला क्रमांक हातात पडेल या भरवशावर राहू नका. गणपतीच्या आधी उरका.

उद्यम नोंदणी. म्हणजे सरकारदरबारी छोटा उद्योग म्हणून नोंद. आधारवरून होते आणि फुकट होते. एजंट हजार-दीड हजार घेतात. देऊ नका.

जीएसटी. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून सगळ्याजणी निर्धास्त असतात. पण माल दुसऱ्या राज्यात विकून पाठवलात, बेळगावच्या मावशींच्या सोसायटीची ऑर्डर घेतलीत, की ही सूट तुमच्या कामाची नाही. अशा ऑर्डरीआधी करसल्लागाराला विचारा.

गॅस. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर धंदा चालत नाही, कायद्याने. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या आणि त्याचा दर भावात धरा.

काटा. विक्रीसाठीच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो. भांड्यांच्या दुकानातला छोटा प्लास्टिकचा काटा केकसाठी ठीक आहे.

खातं. सगळ्यात महाग चूक ही. क्यूआर कोड नवऱ्याच्या नावाचा, नोंदणी आपली, फोन मुलाचा. पाच वर्षांनी मी कर्जासाठी बँकेत गेले तेव्हा साहेबांनी माझं पासबुक उलटसुलट केलं आणि विचारलं, "तुमचा व्यवसाय यात कुठे दिसतो?" कुठेच दिसत नव्हता. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं शिशू कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण खात्यात व्यवहार दिसले तर बोलणं सोपं जातं. वेगळं बचत खातं, आपल्या नावाचं, त्याचाच क्यूआर. घरखर्च त्यातून नाही.

## टप्पा ५. भाव काढा, आणि स्वतःचे तास त्यात धरा

चकलीचा हिशोब दाखवते. आकडे माझ्या वहीतल्या पद्धतीचे आहेत, तुमच्या बाजारभावाने बदला.

१ किलो भाजणीच्या माझ्याकडे साधारण १ किलो ४०० ग्रॅम चकल्या होतात. शंभर ग्रॅम तुटतात, चाखल्या जातात, मुलं पळवतात. विकायला १ किलो ३०० ग्रॅम.

भाजणी, भाजणं आणि गिरणी धरून १२० रुपये. तेल ७०. तीळ, तिखट, ओवा, मीठ २५. गॅस २५. पाकिटं आणि लेबलं ४०. बेरीज २८०. म्हणजे किलोला २१५.

इथे थांबून बहुतेकजणी ३२० भाव सांगतात आणि "किलोमागे शंभर सुटले" म्हणून खूश होतात. पण या घाण्याला दोन माणसी तास गेले. १०५ गुणिले १.३, म्हणजे १३६ रुपये दोन तासांचे. ताशी ६८. त्यात पोचवायचं पेट्रोल आणि नमुन्याचे डबे अजून धरलेलेच नाहीत.

पुढे चला. ताशी ८० रुपये मजुरी धरली तर दोन तासांचे १६०. २८० अधिक १६०, ४४०. भागिले १.३, किलोला ३३८. त्यावर पोचवणी, फोन, नमुने, फुटतूट यांचे १० टक्के, ३७२. त्यावर २० टक्के नफा, ४४६. भाव ४५०.

"एवढं? शेजारची २८० ला देते." देते, कारण तिने स्वतःला मोजलं नाही. तिच्याशी स्पर्धा करू नका, ती दोन वर्षांत दमून बंद करते आणि मग गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं. हे कठोर वाटेल, पण माझ्या गल्लीत तीनदा झालंय.

ओळखीच्यांचा भाव हा खरा गळका नळ. नणंदेला सवलत, जाऊबाईंच्या मैत्रिणीला सवलत, गटातल्या बारा जणींना सवलत. मी सवलत बंद केली आणि त्याऐवजी घरच्यांना पाव किलो शंकरपाळी भेट म्हणून देते. भेट दिली की नातं राहतं आणि भावही राहतो. भेटीचा माल ८० किलोंतच धरायचा, वेगळा नाही.

तपासा: प्रत्येक पदार्थाचा हिशोब वेगळा झाला का? चकलीच्या भावात करंजी विकणं म्हणजे करंजी फुकट वाटणं.

## टप्पा ६. आता ऑर्डरी

वेळ: सर्वपित्रीनंतर सुरू, दसऱ्याला बंद.

सुटे पदार्थ पाव-पाव किलोचे घेऊ नका. सात पदार्थ, चार वजनं, साठ घरं, यात चूक होणारच. तीन ठरावीक डबे करा: लहान, मध्यम, मोठा. चौथा प्रकार म्हणजे फक्त चिवडा किंवा फक्त चकली, किमान एक किलो. "आमच्यात लसूण चालत नाही" म्हणणाऱ्यांसाठी सगळा चिवडाच बिनलसणाचा करते. दोन प्रकार करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रत्येक ऑर्डर वहीत: नाव, डबा, किती, कोणत्या दिवशी नेणार, आगाऊ किती आली. व्हॉट्सअॅपवर "ओके ताई" आलं म्हणजे ऑर्डर नव्हे. निम्मे पैसे आले की ऑर्डर.

रोज रात्री किलोंची बेरीज. ८० भरले की स्टेटसवर "यंदाच्या ऑर्डरी पूर्ण" लिहायचं. मग फोन येतील, जवळच्यांचे येतील. माझं ठरलेलं वाक्य आहे: "काकू, यंदा हात भरलेत, पुढच्या वर्षी तुमचं नाव पहिलं लिहिते." आणि खरंच लिहिते, वहीच्या शेवटच्या पानावर.

परदेशातल्या मुलांना पाठवणाऱ्यांच्या ऑर्डरी वेगळ्या धरा. त्यांचा माल दसऱ्याच्या आधी निघावा लागतो, म्हणजे ते दिवस तुमच्या १७ मध्ये येतच नाहीत. पहिल्या वर्षी घेऊ नका.

## टप्पा ७. भांडवल आणि गट

८० किलोचं सामान, अंदाजापुरते सगळ्याला चकलीचेच किलोला २१५ धरून, १७,२०० रुपये. दोघी मदतनिसांचे ८० तास, ६,४०० रुपये. एकूण २३,६००. विक्री, तशीच ४५० च्या भावाने, ३६,०००, त्याची निम्मी आगाऊ १८,०००. कमी पडतात ५,६०० रुपये. एवढ्यासाठी किराणावाल्याची उधारी नको. उधारीवर तो त्याच्याकडे असलेला माल देतो, आपल्याला हवा असलेला नाही. गटातून अंतर्गत कर्ज घ्या. शेकडा एक टक्का महिना असेल तर ५,६०० वर महिन्याला ५६ रुपये व्याज. दिवाळीनंतरच्या बैठकीत फेडून टाका.

आता गटाविषयी. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते, भांडणं होतात ती दुसऱ्याच गोष्टीवरून. ऑर्डर कुणाची, हे लिहिलेलं नसतं.

ऑर्डर गटाच्या नावाने आली असेल, समजा पंचायत समितीच्या प्रदर्शनातून, तर बैठकीत ठराव लिहा: कोण किती तास येणार, तासाचा दर काय, नफा कुठे जाणार. पैसे गटाच्या खात्यात. अन्न नोंदणीही गटाच्या नावाची हवी, तुमचा क्रमांक गटाच्या पाकिटावर छापू नका. तक्रार आली तर ती तुमच्या दारात येते.

ऑर्डर तुमची असेल आणि गटातल्या दोघी मदतीला येत असतील, तर त्या कामाला आल्यात. पैसे रोजच्या रोज किंवा आठवड्याला, तासावर. "दिवाळीनंतर बघू, आपल्यातच आहे" असं म्हणालात की पुढच्या वर्षी त्या येणार नाहीत आणि का ते सांगणारही नाहीत. त्यांचीही मुलं आहेत. त्यांच्या शाळेच्या वेळा तुमच्या कॅलेंडरवर लिहा. आमच्यातल्या एकीचा मुलगा सकाळच्या शाळेत आहे, म्हणून ती आठ ते साडेबारा येते आणि मी तिच्यासाठी माझा डबा-भाजीचा वेळ पुढे-मागे केला.

## टप्पा ८. करण्याचा क्रम

टिकणारं आधी, नाजूक शेवटी. एवढं कळलं तर अर्धं काम झालं, पण तपशिलात पाय घसरतो.

नवरात्रात: चकलीची भाजणी. तांदूळ आणि डाळी धुऊन, पूर्ण वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजले की उडीद करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो. गिरणीवाल्याला सांगा, आधी तांदूळ किंवा ज्वारी निघाली असेल त्यावर दळ, मिरचीवर नको. दसऱ्यानंतर गिरणीत रांग असते, तुमचे दोन तास तिथे जातील.

दसऱ्याच्या सुमारास: अनारसे करणार असाल तर तांदूळ भिजवा. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग सावलीत वाळवून, दळून, गूळ घालून पीठ किमान पाच-सहा दिवस मुरलं पाहिजे. ज्यांना आधी कधी जमले नाहीत त्यांनी विकण्याच्या यादीत अनारसे ठेवूच नयेत. घरी शिका, गिऱ्हाइकावर नाही.

पहिले चार दिवस: शंकरपाळी. ताज्या तेलात हे आधी, कारण मसाल्याचा वास नसतो.

मधले दिवस: शेव आणि चकली. चकली गरम असताना मऊ लागली म्हणून घाबरू नका, गार झाल्यावर बघा. गार झाल्यावरही मऊ असेल तर आच मोठी होती: बाहेरून रंग आला, आत ओल राहिली. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय. पहिल्या घाण्याच्या चारच चकल्या सोडा, गार होऊ द्या, मोडा, मग पुढचं पीठ मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की दुपारपर्यंत त्याचं लाल-काळं होतं.

शेवटचे पाच दिवस: बेसनाचे लाडू, चिवडा, मग सुक्या खोबऱ्याच्या करंज्या. बेसन भाजायला घाईचा दिवस निवडू नका. सलग तास असेल तेव्हाच कढई चढवा. ओल्या नारळाचं काहीही मी विकत नाही. दोन दिवसांत वास येतो आणि दोष आपल्या माथी.

तेल: फेस यायला लागला, रंग गडद झाला, धूर लवकर सुटला की तेल संपलं. जुन्यात नवं ओतून वाढवू नका. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक घटक वाढतात. एफएसएसएआयने अशा घटकांवर, म्हणजे ध्रुवीय संयुगांवर, २५ टक्क्यांची मर्यादा ठेवली आहे. घरात ती मोजता येत नाही, म्हणून मी प्रत्येक कढईवर तारीख लिहिते आणि ठरावीक घाण्यांनंतर तेल बाजूला काढते. मोरीत ओतायचं नाही, नळी तुंबते.

गार करणं: पंख्याखाली, पसरून, घड्याळ बघून नव्हे, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत. माझ्या मऊ चिवड्याचं कारण एवढंच होतं. वर्तमानपत्रावर काढू नका, शाई उतरते. कोरा कागद किंवा जाळीची ताटं घ्या.

लेबल: पदार्थाचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, तुमचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण. शेंगदाणे, काजू, गहू, दूध यांचा उल्लेख ठळक करा. कुणाच्या तरी नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. माझी मोठी मुलगी आता लेबलं चिकटवते आणि वाकडं चिकटलं की स्वतःच काढते, हा या धंद्यातला मला झालेला अनपेक्षित फायदा.

थांबा: पहिलं पाकीट त्याच दिवशी उघडू नका. दोन दिवसांनी उघडून खा. मऊ लागलं तर पूर्ण घाणा परत पसरून तपासा, पुढचं भरणं थांबवा.

## टप्पा ९. देणं, घेणं, मिटवणं

माल द्यायचा वसुबारसेच्या आदल्या दिवसापासून धनत्रयोदशीच्या दुपारपर्यंत. त्यानंतर नाही. नरकचतुर्दशीला पहाटे तुमच्या घरातही अभ्यंगस्नान आहे. रोज दोन वेळा ठरवा, अकरा ते एक आणि सहा ते आठ. दिवसभर घंटी वाजत राहिली तर मुलांचं जेवण आणि तुमचं डोकं दोन्ही जातं. उरलेले निम्मे पैसे डबा हातात देताना. "भाऊबीजेला देते" याला आमच्याकडे डबा मिळत नाही.

भाऊबीजेपर्यंत वही मिटून ठेवा. माहेरी जायचं असेल तर जा.

तुळशीचं लग्न लागायच्या आत हिशोब. विक्री ३६,०००. सामान १७,२००, मदतनिसांचे ६,४००, पोचवणी आणि बाकीचं सुमारे २,७००. हातात साधारण ९,७००. त्यातले ३,२०० तुमच्या ४० तासांची मजुरी, बाकी नफा. असा हिशोब केला त्या पहिल्या वर्षी आकडा बघून मला रडू आलं होतं. मला वाटत होतं पंचवीस तरी सुटले असतील. पण खरा आकडा कळला म्हणून मी दुसऱ्या वर्षी स्वतःचे तास न वाढवता चिवड्याचं प्रमाण वाढवून करंज्या निम्म्या केल्या.

वहीच्या शेवटी तीन रकाने: काय उरलं, काय कमी पडलं, कुणी तक्रार केली. त्याखाली मुलांना विचारून एक ओळ. मागच्या वर्षी धाकटीने सांगितलं, "किल्ला करायला तू नव्हतीस." यंदा कॅलेंडरवर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी फुली आहे आणि दारावरचा आकडा ७६ आहे.